निवृत्तीचं बिऱ्हाड मॉरिशसला

मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि मधुचंद्राला गेलेली जोडपी येतात. पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा आणि देव घेऊन तिथे राहायलाच कुणी जात असेल, हे मनातही येत नाही. आमचे मोठे दीर आणि जाऊबाई मात्र तसे गेले आहेत. भाऊजींनी बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लेकीचं लग्न झालेलंच होतं. नाशिकच्या फ्लॅटला कुलूप लावून दोघं कात्र बोर्न नावाच्या गावी भाड्याच्या घरात राहायला गेली. शाळेला सुट्टी लागल्यावर मे महिन्यात आम्ही दोघं तीन आठवडे त्यांच्याकडे राहून आलो. तिथला संसार कसा चालतो हे मैत्रिणींना सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

आपल्याकडे वैशाख वणवा पेटलेला असतो, तेव्हा तिथे थंडीची सुरुवात! ऋतू सगळे उलटे. कात्र बोर्न समुद्रकाठी नाही, बेटाच्या मधल्या उंच पठारावर आहे. त्यामुळे संध्याकाळी खांद्यावर शाल लागते, आणि बारीक पाऊस कधी येऊन जाईल सांगता येत नाही. शेतांत माणसापेक्षा उंच ऊस उभा, त्याला पांढरे तुरे आलेले. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून लेकीला फोन करायला अडचण नाही.

बाजारात गेले आणि मला हसूच आलं. फळभाज्या सगळ्या ओळखीच्या, नावं मात्र नवीन. भेंडीला म्हणतात लालो, कारल्याला मार्गोज, शिराळ्याला पिपांगाय, टोमॅटोला पॉम दामूर! कोथिंबीर म्हणजे कोतोमिली आणि कढीपत्ता म्हणजे कारिपुले. ही दोन नावं तमिळ मजुरांबरोबर गेलेली. रस्त्यात सगळे क्रिओल बोलतात, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजीत. हातगाडीवर 'ढोल पुरी' मिळते. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून आत नुसतं डाळीचं सारण भरलं, तर जशी लागेल तशी. बरोबर रस्साभाजी आणि चटणी. एकीवर काही भागत नाही.

आता व्यवहाराचं. पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाला तिथलं सरकार निवृत्त म्हणून राहायचा परवाना देतं. अट अशी, की ठरलेली रक्कम परकीय चलनात बाहेरून तिथल्या बँकेत नेमाने आली पाहिजे. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात, तेव्हा तिकडून अडत नाही. सरकारी दवाखाने तिथल्या नागरिकांना मोफत. बाहेरून आलेल्यांनी खाजगी दवाखान्याचा खर्च धरूनच चालायचं. वहिनींनी तर विमा उतरवल्याशिवाय बॅगाच भरल्या नाहीत.

पण खरी मेख पुढेच आहे. या परवान्यावर नोकरी करता येत नाही. बायको नवऱ्याच्या परवान्यावर राहते. तिला पगाराचं काम करायचं तर वेगळा परवाना हवा. वहिनींचा नाशिकला बारा वर्षं शिवणाचा वर्ग होता. तो बंद करून त्या आल्या. एका दुपारी वाल सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, निवृत्त हे झाले आणि काम माझं सुटलं. घरकाम मात्र आहे तिथेच आहे. दोन्ही वेळचा स्वयंपाक काही स्वेच्छानिवृत्ती देत नाही."

यावर काय बोलणार? भाऊजींचं बस्तान पहिल्याच महिन्यात बसलं. सकाळी फिरणं, मग वाचन, आठवड्यातून दोनदा समुद्र. वहिनींना मात्र पहिले सहा महिने दुपार खायला उठायची. हाक मारायला शेजार नाही, भिशी नाही, हळदीकुंकू नाही.

त्यांना सावरलं ते तिथल्याच मराठी माणसांनी. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर काम करायला हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे नेली गेली. पोर्ट लुईला ती ज्या सोळा पायऱ्या चढून आली, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची मराठी कुटुंबंही मुंबई बंदरातून गेली. आज त्यांच्या पणतवंडांच्या घरांत क्रिओल बोलतात, पण देव आपलेच. शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' होऊन अजून नाचली जाते.

पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींना आरत्या तोंडपाठ, पण त्यांच्या सुनेला देवनागरी वाचताना अडखळायला होई. वहिनी तिला वाचायला शिकवू लागल्या, तिने वहिनींना क्रिओल शिकवलं. आता मंगळवारी पाच-सहाजणी जमतात. पैशाचा संबंध नाही. पण दारात चपलांचा ढीग दिसला, की वहिनींचा चेहरा नाशिकच्या वर्गातला होतो.

म्हणून सगळं गोड झालं, असं मात्र नाही. लेकीचं बाळंतपण जवळ आलंय, वहिनी तीन महिने पुण्याला येणार आहेत. भाऊजी त्यासाठी वरण-भात आणि कोशिंबीर शिकले. दोघांचं ठरलंय, की दोन वर्षं पुरी झाल्यावर राहायचं की परतायचं ते वहिनींनी सांगायचं. तोवर नाशिकचा फ्लॅट विकायचा नाही. काय सांगणार, हे त्यांनी मलाही सांगितलं नाही.

तुमच्या घरी असा विषय निघाला, तर थोडं लक्षात असू द्या. आधी भाड्याने राहून एक वादळी मोसम काढा. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. इशारे चार पायऱ्यांचे असतात. तिसरा लागला की घराबाहेर पडायचं नाही. पाणी, मेणबत्त्या आणि डबाभर चिवडा हाताशी हवा. पैसे कुठे, कसे येतात ते स्वतः समजून घ्या, खात्यावर आपलंही नाव असू द्या. परतीच्या तिकिटाची रक्कम बाजूला ठेवा. आणि सर्वांत आधी यजमानांना विचारा, "तुमचा दिवस कसा जाईल ते कळलं, माझा कसा जाईल?" याचं उत्तर दोघांनी मिळून काढलं, की मग खुशाल बॅगा भरा.