मी धुराडं बसवू दिलं नाही

आमच्या घरात विडी-सिगारेट कुणी कधी ओढली नाही. सासरे तर पानसुद्धा खात नसत. त्यामुळे फुप्फुसाचा आजार आपल्या घराच्या वाटेला जाणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. गावात धुराचा विषय निघालाच, तर तो कारखान्यांच्या उंच चिमण्यांचा निघायचा. आपल्या चुलीतून निघतो तोही धूरच, हे माझ्या मनात येत नव्हतं. ते मनात यायला फार उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्या बाईने मोजली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

गणपतीपुळ्याच्या जवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. मुलं शिकायला बाहेर पडल्यावर आम्ही दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या, चांगलं चाललं तशा वाढवल्या. फोनवर लोक खोलीचा दर विचारायच्या आधी विचारायचे, "चुलीवरचं जेवण मिळेल ना?" घरात गॅस होता, कधीपासूनच होता. पण लोकांना चूल हवी होती आणि मला लोक हवे होते. मागच्या पडवीला भिंती घालून मी एक स्वयंपाकघर करून घेतलं: मातीची चूल, शेजारी वैल, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला टांगलेली सुपं. गवंड्याने विचारलं, "धुराडं कुठनं काढू?" मी नको म्हटलं. कौलांतून वर आलेला सिमेंटचा पाइप फोटोत वाईट दिसला असता. खिडकीही लहानच ठेवायला सांगितली, कारण खाडीकडचा वारा आत आला की जाळ एका बाजूला जातो आणि भाकरी करपते. गवंडी जुना माणूस. तो म्हणाला, "वैनी, धूर कोंडेल." मी त्याला सांगितलं की आमच्या सासूबाईंच्या वेळेला कुठे होतं धुराडं? धुराने वाशांना वाळवी लागत नाही, असं सासूबाई सांगायच्या, तेही मी त्याला ऐकवलं.

सासूबाईंच्या वेळेला माजघर उंच होतं, कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा आणि तरीही त्या शेवटची कितीतरी वर्षं खोकत होत्या. हे मला तेव्हा आठवलं नाही.

त्या चुलीपुढे बसायला वाडीतल्या एक काकी यायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हाताला अतिशय चव. सकाळी उजाडायच्या आत न्हाणीची चूल पेटवून पाहुण्यांचं पाणी तापवायचं, मग घावणे, दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि माशांचं कालवण, संध्याकाळी पुन्हा सगळं. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तर चूल विझायचीच नाही. लाकूड सुकं असलं तर निदान जाळ नीट लागतो. पावसाळ्यात लाकडं दमट, आणि ती पेटावीत म्हणून आम्ही खाली सोडणं, चुडतं, करवंट्या घालायचो. ओलसर सोडण जळत नाही, धुमसत राहतं. काकी फुंकणी घेऊन वाकायच्या, तोंड चुलीपासून हातभर अंतरावर, फुंकर मारायच्या आणि पुढची फुंकर मारायला जो श्वास आत घ्यायच्या तो थेट त्या धुरातला असायचा. डोळे पदराने पुसायच्या. मी आत गेले की म्हणायच्या, "वैनी, तुमी भायेर बसा, धूर लागंल." आणि मी बाहेर जाऊन बसायचे.

हे वाक्य मी आता विसरू शकत नाही. धूर लागतो हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

लाकडाच्या धुरातले जे कण डोळ्यांना दिसतात ते नाकात, घशात अडकतात, खोकल्याबरोबर बाहेर पडतात. खरे घातक त्याहून कितीतरी बारीक, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे सूज येते, रोज नवी सूज, जुनी उतरायच्या आत. वर्षानुवर्षांनी श्वासनलिका आतून जाड आणि अरुंद होतात, पिशव्यांच्या भिंती फाटतात. फाटलेली भिंत पुन्हा धरत नाही. या आजाराला सीओपीडी म्हणतात. २०१६ च्या आकडेवारीवरचा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात आला होता. त्यात भारतातल्या सीओपीडीच्या ओझ्यापैकी निम्म्याहून जास्त वाटा प्रदूषित हवेचा निघाला, घरातल्या चुलीचा धूर धरून. तंबाखूचा वाटा साधारण पाव. मी आयुष्यभर फक्त त्या पावाकडे बघून निर्धास्त राहिले होते.

आणि ही काही नवी माहिती नव्हती. डॉ. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतल्या रुग्णांचा अभ्यास १९५९ मध्येच छापला होता. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याने हृदयाची उजवी बाजू थकलेले ते रुग्ण. त्यांत बायकांचं प्रमाण मोठं होतं, धूम्रपान न करणाऱ्या बायकांचं, आणि बोट चुलीच्या धुराकडे दाखवलं गेलं होतं. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट.

काकींचा खोकला सुरू झाला तेव्हा मी तो पावसावर ढकलला. आमच्याकडे भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशीचा वास येतो, जून ते सप्टेंबर कोण खोकत नाही? गवती चहा, आलं, तुळस घालून काढा करून द्यायचे. मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून द्यायचे आणि आपण किती काळजी घेतो असं वाटायचं. पाऊस गेला, खोकला राहिला. सकाळी कफ पडायचा. मग त्या आमच्या घरची घाटी चढताना मध्येच थांबू लागल्या. एक हात गडग्यावर ठेवायच्या, ओठ शीळ घातल्यासारखे मिटून हळूहळू श्वास सोडायच्या, आणि कुणी बघतंय असं वाटलं की पदर सावरायचं निमित्त करायच्या. मी खिडकीतून हे बघितलं आहे, एकदा नाही. 'वय झालं' एवढंच माझ्या मनात आलं. वास्तविक माझ्या आणि त्यांच्या वयात फार अंतर नव्हतं.

त्यांच्या आयुष्यात धूर दुसरीकडूनही होताच. परकराच्या वयापासून चुलीपुढे. शिमग्याच्या आगेमागे भाजावळ: कवळ, शेण, पातेरा, त्यावर मातीचा थर, आणि तरव्याची जागा भाजेपर्यंत काठी घेऊन धुरात उभं राहायचं, आग बागेत जाऊ नये म्हणून. दातांना मशेरी. त्यांचे यजमान परळला गिरणीत सूतखात्यात होते, १९८२ च्या संपानंतर कायमचे गावी आले ते खोकला घेऊनच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या त्या दुखण्यात रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती जास्त आवळते, हे गिरणीत काम केलेल्या कुणालाही विचारा, सांगेल. त्या घरात खोकला ऐकू येण्यात नवल वाटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरीही या सगळ्या यादीवर भार टाकून मला सुटता येत नाही. दिवसाचे बहुतेक तास त्या माझ्या चुलीपुढे होत्या आणि तिथे धुराडं नव्हतं ते माझ्यामुळे.

श्रावणात एका रात्री त्यांचा मुलगा धावत आला. काकी बिछान्यावर उठून बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, वाक्य पुरं होत नव्हतं, नखं निळसर. गाडी काढून रत्नागिरीला नेलं. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, पहाटेपर्यंत जरा उतार पडला. दुसऱ्या दिवशी छातीचे डॉक्टर आले. त्यांनी विडीचं विचारलं, ती नाही म्हटल्यावर लगेच विचारलं, "घरात चूल आहे?" काकींच्या आधी मीच बोलले, "गॅस आहे त्यांच्याकडे, उज्ज्वलाचा." डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता काकींना विचारलं, "सिलिंडर किती दिवस जातो?" त्या म्हणाल्या, "गणपतीला आनला तर शिमग्यापरत जातो." म्हणजे चहापुरता. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि कामाला कुठे जाता?" काकी गप्प बसल्या. मी तिथेच उभी होते. मी सांगायला हवं होतं. "घरकाम करतात," एवढंच म्हणाले.

माझ्या सगळ्या चुकांत ही मला सर्वांत हीन वाटते. धुराडं न काढणं हे अज्ञान होतं, असं निदान म्हणता येतं. त्या क्षणी मला सगळं समजलेलं होतं. पुढच्या तपासणीला मी एकटी आत जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी दोष दिला नाही. चूल किती तास पेटते, खिडकी केवढी आहे, एवढंच विचारलं.

स्पायरोमेट्री झाली. नळीत पूर्ण ताकदीने आणि शेवटपर्यंत फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते आणि एकूण किती, यांचं प्रमाण काढतात. श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊनही ते सत्तर टक्क्यांच्या खाली राहिलं, तर नलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत असं धरतात. काकींचं त्याच्या खूपच खाली होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीही फुंकलं. मी तर बाहेर बसणारी, तरी माझ्याही नलिका थोड्या आवळलेल्या निघाल्या.

पुढची चूक औषधाची. कोरड्या पावडरच्या कॅप्सूल आणि त्या ओढायचं यंत्र, असं दोन्ही मी दुकानातून आणून काकींच्या हातात दिलं. "सकाळी एक, संध्याकाळी एक," म्हणाले. पाहुणे यायचे होते, घाईत होते. महिना होत आला तरी फरक दिसेना. एक दिवस त्यांच्या घरी गेले तर यंत्र देव्हाऱ्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत, नवं कोरं. कॅप्सूल त्या पाण्याबरोबर गिळत होत्या. कॅप्सूल म्हणजे गिळायची, त्यांचं काय चुकलं? ती यंत्रात घालून, फिरवून उघडून, श्वास पूर्ण सोडून मग पावडर जोरात आत ओढायची असते, दहापर्यंत मोजून श्वास धरून ठेवायचा असतो आणि नंतर चूळ भरायची असते, हे दाखवायला पाच मिनिटं लागली असती. ती मी दिली नव्हती.

त्यात भर म्हणजे 'पंप लागला की सुटत नाही' हे वाडीत सगळ्यांनी सांगितलं, आणि आरंभी मीही त्याला दुजोरा दिला होता. गोळीच बरी, असं माझंही मत. साल्बुटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची, आणि पंपाच्या एका दाबात त्याच औषधाचे शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं, कारण ते थेट छातीत जातं. गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. हे मला कळलं तेव्हा ज्यांना ज्यांना मी गोळी घ्या म्हणून सांगितलं होतं त्यांच्या घरी जाऊन आले.

आणखी एक चूक धुराचीच. खोल्यांमध्ये रात्री डासांच्या कॉइल मीच लावून ठेवायचे, दारं-खिडक्या बंद करून. एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. लहान मुलं झोपायची त्या खोल्यांत. आता मच्छरदाण्या आहेत.

चुलीचं स्वयंपाकघर मी मोडलं नाही, दोन भिंती पाडल्या. आता ते दोन अंगांनी उघडं आहे, वर उंच धुराडं आहे, फोटोत दिसतं ते दिसू दे. रोजचा स्वयंपाक गॅसवर, न्हाणीचं पाणी छतावरच्या सोलरवर. भर पावसात सोलर तापत नाही तेव्हा गीझर. चुलीवरचं काही हवं असेल तर सुक्या लाकडावर, उघड्यावर, एखादा पदार्थ. आधी सांगितलं की काही लोक दुसरीकडे जातात. जातात तर जाऊ देत. कामाला येणाऱ्या बायकांना पगाराबरोबर घरचा सिलिंडर भरून देते, कारण जोडणी मिळाली तरी दर महिन्याचा भरणा परवडत नाही, हे मी काकींच्या त्या एका उत्तरात ऐकलं होतं.

काकी आता घरी असतात. औषध नीट ओढतात, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली आहे. फाटलेलं भरून येणार नाही, आहे ते टिकवायचं आहे. घाटी चढून त्या माझ्याकडे येऊ शकत नाहीत, म्हणून मी जाते. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमी कशाला? माज्या घरची चूल काय तुमी पेटवलीव?" ते त्यांचं मोठेपण. माझा हिशेब त्याने मिटत नाही आणि मी तो मिटवूही बघत नाही.

मला आता धास्ती आहे ती त्यांच्या सुनेची. तिशीही उलटलेली नाही. कडेवर वर्षाचं मूल घेऊन ती त्याच घरातल्या न्हाणीच्या चुलीपुढे बसते. सिलिंडर आहे, पण गॅसवर आंघोळीचं पाणी तापवलं तर तो महिनाभरही पुरत नाही. सकाळी खोकते, पावसाने होतं म्हणते. तिला स्पायरोमेट्री करून घे म्हणून मागे लागले आहे. लावणी उरकली की येते म्हणाली आहे. मी नारळीपौर्णिमेनंतरची वेळ घेऊन ठेवली आहे, आणि त्यांच्या न्हाणीला धुराडं काढायला त्याच गवंड्याला सांगितलं आहे.