उन्हाळ्यात वाहणाऱ्या दोन नद्या

अंबरनाथ दोन नद्यांच्या मधे वसलंय. पश्चिमेला उल्हास, पूर्वेला वालधुनी. मी राहतो पश्चिमेला. मार्चमधल्या एका रविवारी कॅमेरा घेऊन दोन्ही नद्यांच्या काठाने भटकायचं ठरवलं. सकाळी उल्हास, दुपारनंतर वालधुनी.

उजाडता उजाडता जांभूळ गावाच्या बाजूने उल्हासच्या काठाला लागलो. पळसाचा बहर उतरणीला लागला होता. पांगाऱ्यावर साळुंक्यांची भांडणं चालली होती. पाण्यातल्या एका खडकावर खंड्या बसला होता, आणि तो सूर मारेपर्यंत मी अर्धा तास हललो नाही. फोटो बरा आला. त्यातलं पाणी निळं-हिरवं, हलतं, भरपूर दिसतं.

प्रश्न या 'भरपूर'चा आहे. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पावसात घरात शिरतात आणि होळीपर्यंत बहुतेकींचे दगड उघडे पडतात. मग राजमाचीच्या डोंगरातून येणारी उल्हास मार्चमध्ये एवढी भरलेली कशी?

उत्तर घाटावर आहे. मावळातल्या आंध्रा नदीचं पाणी खरं तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. ठोकरवाडीच्या धरणाने ते अडवलं. तिथून ते बोगद्यातून, नळांतून घाटाखाली कर्जतजवळच्या भिवपुरी वीजकेंद्रात उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि उल्हासमध्ये सोडलं जातं. टाटांचं हे केंद्र 1922 पासून चालू आहे. पुढे बदलापूरच्या खाली बारवी धरणाचं पाणीही उल्हासला येऊन मिळतं. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना याच नदीचा आधार. म्हणजे माझ्या खंड्याच्या फोटोत निसर्ग आहेच, पण शंभर वर्षांपूर्वीचं एक वीजकेंद्रही आहे. ते दिसत नाही, एवढंच.

दुपारी पूर्वेला शिवमंदिराकडे गेलो. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांचं देऊळ. काळ्या पाषाणावरची शिल्पं तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून चार वाजता जावं. देवळाला लागूनच वालधुनी वाहते. पाण्याचा रंग पाषाणासारखाच, वर फेस. त्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे निवांत चोच खुपसत होते.

ही नदी इथून काही किलोमीटरवर, काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. तिथे रेल्वेने बांधलेला जीआयपी तलाव आहे. पण मार्चमध्ये डोंगरातून वाहून येण्यासारखं पाणी फारसं उरत नाही. देवळापाशी वाहतं ते मुख्यतः शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांनी सोडलेलं पाणी. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात याच नदीत रसायन ओतलं गेलं, तेव्हा काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेणं अवघड झालं होतं.

देऊळ आणि काळं पाणी एका चौकटीत बसवत होतो, तेव्हा बेल-फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, नाल्याचा कशाला काढताय? देवळाचा काढा की."

"मावशी, नदी आहे ती."

"असेल. आम्ही नालाच म्हणतो."

त्यांचं बरोबर होतं. समोर जे दिसतं त्याला त्या नाव देत होत्या. पण या शब्दाने एक सोय होते. नाला घाण असायचाच, त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. नदी म्हटलं की विचारावं लागतं.

दोन्ही नद्यांना उन्हाळ्यात वाहतं ठेवलंय माणसानेच. फरक हिशेबाचा आहे. उल्हासमध्ये पाणी कुठून येतं, कधी आणि किती सोडायचं, हे ठरवणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे नोंदी आहेत. वालधुनीतलं पाणीसुद्धा आकाशातून पडत नाही. तेही कुठल्या तरी पाइपातून येतं आणि तो पाइप कुणाच्या तरी भिंतीतून निघतो.

सॉफ्टवेअरमध्ये बिघाड शोधताना आम्ही एकेक टप्पा मागे जात राहतो, चूक पहिल्यांदा जिथे दिसते तिथपर्यंत. पावसाळ्याआधीचे रविवार त्यासाठी राखून ठेवलेत. देवळापासून तलावापर्यंत काठाने वर चालायचं. नदीत उघडणाऱ्या प्रत्येक पाइपाचा फोटो काढायचा आणि प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश टाकायचे. वाटेत शेकाटे भेटले, तर त्यांचेही.