अ‍ॅश आणि आमच्या बांधावरची बाभूळ

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे लाकूड. हसू नका! क्रिकेटची बॅट विलोची हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्टंप कशाचे? परंपरेने अ‍ॅशचे. हे युरोप-अमेरिकेतलं झाड. तंतू लांब आणि सरळ, त्यामुळे लाकूड दणका खातं, थोडं लवतं, पण पटकन मोडत नाही. म्हणून तिकडे कुऱ्हाडी-फावड्यांचे दांडे, वल्ही, बेसबॉलच्या बॅटी परंपरेने याच लाकडाच्या. (मॉर्गन ही इंग्लिश कंपनी तर अजून मोटारीच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅशचा करते.)

आमच्या नायगावकडे, म्हणजे नांदेड जिल्ह्यात, हे सगळं काम बाभळीचं. अ‍ॅश घनमीटरला साधारण ७०० किलो, तर बाभूळ ८०० च्या वर. बैलगाडीचा तुंबा, आरे, नांगर, वखर... जिथे दणका तिथे बाभूळ. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणतात ना, तो दांडाही आमच्याकडे बाभळीचाच. त्यातही गाभ्याचं तांबूस लाकूड घ्यायचं, बाहेरच्या पांढऱ्याला किडा लागतो. जुने सुतार ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे किडा कमी. शिवाय डिंक, कातडी कमवायला साल, शेळ्यांना शेंगा. (वेडी बाभूळ वेगळी हं! ती अमेरिकेकडून आलेली, तिचा कोळसाच बरा.)

अ‍ॅशच्या मागे भुंगा लागलाय. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा भुंगा सापडला, त्याने तिकडची कोट्यवधी झाडं मारली. आमच्या बाभळीला असा भुंगा नाही, पण गिऱ्हाईकही नाही. गाडीला टायर आले, नांगर लोखंडी झाला. आता तिला भाव तो जळणाचा, वजनावर.

आमच्या बांधावर दोन आहेत, आजोबांच्या वेळच्या. गेल्या महिन्यात व्यापारी येऊन गेला, वीटभट्टीसाठी. एवढं चिवट लाकूड भट्टीत घालायचं हे मला काही पटेना, तसं फोनवर बोललो. बाबा म्हणाले, "सावलीखाली सोयाबीनची दोन तासं धड येत न्हाईत. ते तू भरून देतूस का?"

बरोबरच आहे त्यांचं. पुण्यात एसीत बसून झाडांवर बोलायला काय जातं!

देतो म्हटलं. किती ते रास झाल्यावर कळेल.