वारसा : प्रायव्हेट, प्रोटेक्टेड, पब्लिक

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं रूममेटने सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. मी पडले कॉन्व्हेंटवाली! एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे अजून बोटांवर मोजावं लागतं. तेव्हा चुका पदरात घ्या. विषय मात्र येणारा निवडलाय. इनहेरिटन्स, म्हणजे वारसा.

येतो असं मलाही वाटत होतं, गेल्या वर्षीच्या ओरलपर्यंत. एक्स्टर्नल सरांनी साध्या प्रश्नांनी सुरुवात केली.

"क्लास म्हणजे?"

"सर, आराखडा. त्यावरून बनते ती वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट."

"इनहेरिटन्स?"

"असलेल्या क्लासवरून नवा क्लास. जुना तो बेस, नवा तो डिराइव्ह्ड. वाहन बेस, मोटार डिराइव्ह्ड. वाहनात जे लिहिलंय ते मोटारीत परत लिहावं लागत नाही."

"मग इंजिनवरून मोटार का नाही?"

"सर, मोटार हे वाहन 'आहे'. पण मोटारीत इंजिन 'असतं'. 'आहे' म्हणता आलं तरच इनहेरिटन्स."

सर खूश. १९६७ च्या सिम्युला भाषेत डाल आणि नीगार्ड या दोन नॉर्वेजियनांनी ही कल्पना आणली आणि तिथूनच स्ट्रूस्ट्रुपने ती सी प्लस प्लसमध्ये घेतली, हेही मी सांगून टाकलं. तेवढ्यात सरांनी गुगली टाकली.

"बेसचे प्रायव्हेट मेंबर डिराइव्ह्डमध्ये येतात का?"

"नाही सर." एकदम ठामपणे.

त्यांनी मशीनवर प्रोग्रॅम लिहायला लावला. बेसमध्ये एक प्रायव्हेट इंट, डिराइव्ह्डमध्ये स्वतःचा एक. इंट चार बाइटचा. "आता डिराइव्ह्डचा साइझऑफ किती येईल?" मी म्हटलं, चार. स्क्रीनवर आले आठ.

"येतात, बेटा. जागाही घेतात. फक्त डिराइव्ह्डला थेट हात लावता येत नाही."

त्यानंतरचे सगळे प्रश्न चुकले. रात्री मेसला न जाता कॉरिडॉरमधून घरी फोन लावला आणि रडायलाच लागले. "बाबा, मी नापास होणार. मला नाही जमत हे, मी घरी येते."

बाबा वायरमन आहेत. ते कधी फार बोलत नाहीत. पण त्या रात्री जरा थांबून म्हणाले, "मीपण असंच केलं होतं."

बाबा डिप्लोमाला होते, हेच मला माहीत नव्हतं. कामावर लवकर लागायचं म्हणून पुढे शिकले नाहीत, असं घरात सगळे सांगायचे. खरं असं होतं की मॅथ्समध्ये दोनदा गेले, तिसऱ्यांदा पेपरला बसायची भीती वाटली, आणि हॉस्टेलवरून ट्रंक उचलून सरळ घरी आले. "परीक्षेआधी तू नखं खातेस ना, तशीच मी खायचो," ते म्हणाले. "भीती माझ्याकडून आलीय तुझ्याकडे. पण ट्रंक उचलायलाच पाहिजे असं नाही. आणि हे आपल्यातच राहू दे."

फोन ठेवल्यावर सरांचे आठ बाइट आठवले. वीस वर्षं ती भीती माझ्यात जागा घेऊन होती आणि मला पत्ता नव्हता. त्या रात्री ती प्रायव्हेटची प्रोटेक्टेड झाली. प्रोटेक्टेड म्हणजे डिराइव्ह्ड क्लासला दिसतं, बाहेरच्यांना नाही. आणि दिसलं की काहीतरी करता येतं. बेसमधलंच फंक्शन त्याच नावाने घेऊन डिराइव्ह्डमध्ये आतला कोड बदलता येतो, त्याला ओव्हरराइड म्हणतात. 'भीती वाटली तर' हे फंक्शन बाबांकडे ट्रंक उचलायचं. मी माझ्यात सकाळी उठून थिअरीच्या पेपरचा अभ्यास, असं लिहिलं.

ओरलला २५ पैकी ११ मिळाले. पासिंगला १० लागतात. थिअरीही निघाली. नखं अजून खाते.

हा लेख द्यायच्या आधी बाबांना फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, "छापू?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छाप. तुमच्या हॉस्टेलवर कुणीतरी ट्रंक भरत असेल. फक्त अंक आजीच्या हाती देऊ नकोस."

म्हणून मित्रांनो, आजपासून हे पब्लिक. आजी सोडून.