मायचा रंग

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे आमचे गाव. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेला शेगाव, आणि अवतीभवती कापसाची काळी जमीन. आमच्या मायचे अवघे आयुष्य या जमिनीत पेरणी-निंदण-वेचणी करण्यात गेले. पहाटे ती जात्यावर ओव्या गात असे. तिच्या हयातीत आम्ही त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. ती गेल्यावर त्यांची एक लहानशी पुस्तिका काढावी असे ठरले. हजार प्रतींची आवृत्ती काढण्याची ऐपत नव्हती आणि तशी गरजही नव्हती. म्हणून अकोल्यातील एका डिजिटल छपाईच्या दुकानातून लागतील तशा पन्नास-पन्नास प्रती काढून घ्यायच्या, असा सोयीचा मार्ग आम्ही पत्करला. मुखपृष्ठावर मायचे छायाचित्र होते.

पहिल्या पन्नास प्रती जानेवारीत आल्या. चित्र स्वच्छ, उजळ, देखणे होते. सगळ्यांनी वाखाणले. मावशीने मात्र पुस्तिका उलटसुलट करून न बोलता बाजूला ठेवली. दुसऱ्या पन्नास प्रती ऐन श्रावणात आल्या आणि आमचा जीव खाली गेला. तीच फाईल, तेच यंत्र, तोच कागद. पण चेहरा सावळा नव्हे, चांगला काळवंडलेला, लुगड्याचा हिरवा रंग जड झालेला. आम्ही त्या प्रती परत पाठवण्याच्या विचारात असताना मावशीने एक हातात घेतली आणि म्हणाली, "आता कशी आपली बाई दिसून रायली! तवाच्या बुकावर कोन व्हती, कोन जाने!"

आम्ही तडक अकोल्याला गेलो. दुकानातील तरुणाने विषय हसण्यावारी नेला नाही. त्याने जे समजावले ते आमच्यासारख्या मराठीच्या मास्तराला नवे होते. टोनरची पूड विद्युतभाराच्या जोरावर कागदावर उतरते. हवेत दमटपणा वाढला की हा भार घटतो, आणि ठरल्यापेक्षा अधिक पूड उतरते. रंग गडद होतात. यावर उपाय यंत्रातच असतो. ठरावीक पानांनंतर किंवा हवामान पालटल्यावर यंत्र स्वतःच आपल्या आतल्या पट्ट्यावर रंगांचे लहान ठिपके उमटवते, संवेदकाने त्यांची घनता मोजते आणि फरक आढळला तर स्वतःला सावरून घेते. मोठ्या यंत्रांत तर छापलेल्या कागदावरचे ठिपके वाटेतच वर्णपटमापकाने वाचले जातात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मात्र त्यासाठी यंत्र काही मिनिटे थांबते आणि थोडी पूड खर्ची पडते. लग्नसराईत पत्रिकांची घाई होती, म्हणून त्याने ती स्वयंचलित सोय बंद करून ठेवली होती. पुढे चालू करायचे राहून गेले. त्याने ती आमच्यासमोर चालू केली, यंत्र थोडा वेळ घुमले, आणि पुढची प्रत निघाली ती हुबेहूब जानेवारीसारखी. म्हणजे पुन्हा गोरी.

तेव्हा आम्ही विचारले, "ही इतकी गोरी कशाने?" तो सहज म्हणाला, "सर, ते तर मी फाईलमध्येच थोडं ब्राइट केलं होतं. सगळ्यांचंच करतो."

येथे आमची गाठ दोन निरनिराळ्या चुकांशी होती आणि आम्ही त्या एकच समजत होतो. एक चूक यंत्राची: ते दिवसेंदिवस आपल्या ठरलेल्या स्थितीपासून ढळत होते. दुसरी माणसाची: ठरवतानाच त्याने मायला उजळ केले होते. पहिली चूक योगायोगाने दुसरीवर उतारा ठरली, आणि बिघडलेल्या यंत्राने मावशीला तिची बहीण परत दिली. कॅलिब्रेशन फक्त पहिली चूक निस्तरते. दुसरी तर ते अधिक निष्ठेने, प्रत्येक प्रतीत, न चुकता जपते.

रंग मोजण्याची भाषा माणसाने मोठ्या कष्टाने घडवली आहे. 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने सरासरी मानवी दृष्टीचे प्रमाण ठरवले. 1976 मध्ये त्याच आयोगाने असे रंग-अवकाश दिले की त्यात दोन रंगांमधील अंतर आकड्याने सांगता यावे. पण आकडा अंतर सांगतो. कोठून मोजायचे ते माणूसच सांगतो. कोडॅकच्या रंगीत छपाईसाठी प्रयोगशाळांना जी संदर्भ-छायाचित्रे जात, त्यांत दीर्घकाळ गोऱ्या कांतीची स्त्री असे. पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की छपाई बरोबर. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड यायला 1990 चे दशक उजाडले. आपल्याकडेही 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने एकेका रंगासाठी स्वतंत्र दगड वापरून देवादिकांची चित्रे घरोघरी पोचवली. आपल्या मनातली लक्ष्मी-सरस्वतीची कांती बऱ्याच अंशी त्या दगडांनी ठरवली आहे. दुकानातला तरुण 'सगळ्यांचंच करतो' म्हणाला, त्यामागे एवढी मोठी परंपरा उभी होती. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता.

आणि रागावण्याचा अधिकारही नव्हता, हे परतीच्या एस.टी.त पुस्तिका चाळताना ध्यानात आले. आम्ही स्वतः काय केले होते? वहीत 'मले' होते, पुस्तिकेत 'मला' झाले होते. 'काऊन'चे 'का' झाले होते. 'व्हती'ची 'होती' झाली होती. विद्यार्थ्यांना समजावे, परगावच्या वाचकाला अडू नये, अशी कारणे आम्ही स्वतःला दिली होती. 'काऊन' काढून 'का' घातले की ओवीचा हेलकावा मोडतो, जात्याचा फेरा अर्ध्यावर थांबतो, हे कानाला कळत असूनही आम्ही ते केले होते. त्या तरुणाने मायचा चेहरा उजळ केला; आम्ही तिची वाणी उजळ केली. त्याला निदान कोणी विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले. आम्हाला कोणी विचारलेच नव्हते.

तिसऱ्या खेपेपूर्वी आम्ही मूळ छायाचित्र घेऊन पुन्हा गेलो, आणि सोबत मावशीला नेले. पडद्यावर रंग ठरत असताना ती "अजून", "अजून थोडं" म्हणत राहिली, आणि एका क्षणी गप्प झाली. तेथे थांबलो. ओव्याही वहीबरहुकूम पुन्हा जुळवल्या. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले.

यंत्राची स्वयंचलित सोय आता चालू असते, आणि आमचे तिच्याशी काही भांडण नाही. रोज स्वतःला तपासून मूळ स्थितीवर येणे हा गुण माणसांतही दुर्मीळ आहे. त्या तरुणाने आणखी एक गोष्ट दाखवली: रंग मोजणाऱ्या उपकरणालाही अधूनमधून एका लहान पांढऱ्या चकतीवर ठेवून तपासावे लागते, आणि ती चकती डागाळली तर पुढचे सारे मोजमाप चुकते, म्हणून ती डबीत जपतात.

मायची वही आम्ही आता कपाटात निराळी ठेवली आहे. नवी प्रत छापायला पाठवण्याआधी ती एकदा उघडतो.