मुंबई बेटावरची निशाणे : पनवेलहून घरी धाडलेली पत्रे

पत्र पहिले
मुक्काम पनवेल



मुंबई हे आज महानगर असले तरी इतिहासात ते बेट आहे. नेमके सांगायचे तर कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ती सात बेटे. या बेटांवर गेल्या पाचशे वर्षांत फडकलेल्या निशाणांचा क्रम लावला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांतली बहुतेक निशाणे बेटावरच्या माणसांनी चढवलेली नाहीत. ती दूरच्या दरबारांत झालेल्या तहांनी चढली आणि दुसऱ्या तहांनी उतरली. कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू ही इथली जुनी वस्ती. तिला कोणी विचारले नाही. पुढे विसाव्या शतकात या बेटावरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने झेंडा उभारला, त्याचे मोल म्हणूनच वेगळे आहे.

हा इतिहास समजून घ्यायला पनवेल सोयीचे आहे. मुंबई बंदराच्या पूर्वेला खाडीच्या आतल्या टोकाशी वसलेले हे जुने व्यापारी गाव. बोरघाटातून रेल्वे जाण्यापूर्वी पुण्याकडचा प्रवासी मुंबईहून गलबताने इथे उतरे आणि पुढे खुष्कीने घाट चढे. बेटावर कोणाचे निशाण आहे, याचा परिणाम पनवेलच्या बाजारावर लगेच होत असे.

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांपासून सुरुवात करता येते. त्यांच्या बिरुदांत ‘सुवर्णगरुडध्वज’ हे एक बिरुद होते आणि ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड असे. मलबार टेकडीच्या टोकाला असलेल्या वाळकेश्वराची परंपरा त्यांच्याच काळाशी जोडलेली आहे. शिलाहारांनंतर यादव आले आणि पुढे गुजरातचे सुलतान. सुलतानांच्या ताब्यात असतानाच पहिला मोठा सौदा झाला. २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईच्या तहाने सुलतान बहादूरशहाने वसईसह ही बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. दिल्लीच्या हुमायूनचे संकट अंगावर आले होते आणि त्याला समुद्रावरचा मित्र हवा होता.

पोर्तुगालचे राजनिशाण पांढरे असे. त्यावर क्रुसाच्या आकारात मांडलेल्या पाच निळ्या ढाली आणि भोवती तांबड्या पट्टीत सोनेरी किल्ले असत. गलबतांच्या शिडांवर ख्रिस्ताच्या पंथाचा तांबडा क्रूस असे. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती, पण पोर्तुगीज मुलखातली पोर्तुगीज चिन्हे कायम राहिली. सुमारे १३० वर्षे ती बेटाने पाहिली.

पत्र दुसरे
मुक्काम मुंबई, फोर्ट

निशाण बदलण्याची दुसरी वेळ एका लग्नामुळे आली. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचा विवाह ठरला आणि तहात मुंबई आंदण म्हणून लिहिली गेली. स्पेन आणि डच यांच्याविरुद्ध पोर्तुगालला इंग्लंडची मदत हवी होती. त्या मदतीची ही किंमत होती.

कागदावर दिलेले बेट हाती यायला मात्र वेळ लागला. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन सैन्य घेऊन आला, तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्याचे नाकारले. मुंबईची योग्यता ते ओळखून होते. शिपमनच्या सैन्याला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दिवस काढावे लागले. तिथल्या रोगराईत स्वतः शिपमन आणि त्याचे बहुतेक सैनिक दगावले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने ताबा घेतला. त्या काळच्या रीतीप्रमाणे बेटावर पाऊल टाकून, तिथली माती आणि दगड हातात घेऊन हा विधी झाला. पांढऱ्यावर तांबडा असा सेंट जॉर्जचा क्रूस, म्हणजे इंग्रजांची ओळख, तेव्हा या बेटाशी जोडली गेली.

राजाला बेटाचा खर्च परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिले. कंपनीचे निशाण तांबड्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे होते आणि वरच्या कोपऱ्यात सेंट जॉर्जचा क्रूस असे. पट्ट्यांची संख्या ठरलेली नव्हती, पण तेरा पट्ट्यांचे निशाण पुष्कळदा दिसे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे १७०७ मध्ये एक राज्य झाल्यावर कोपऱ्यात दोन्ही देशांचे क्रूस एकत्र आले. १८०१ मध्ये आयर्लंडचा तिरपा तांबडा क्रूस त्यात मिळाला आणि आज ओळखतो तो युनियन जॅक तयार झाला. अमेरिकेतल्या वसाहतींनी १७७५ च्या सुमारास उभारलेला पहिला झेंडा कंपनीच्या या निशाणासारखाच होता. त्यातही तेरा पट्टे आणि कोपऱ्यात युनियन होते.

पोर्तुगीजांच्या वाड्याभोवती कंपनीने जो कोट वाढवला, तो बॉम्बे कॅसल. आज त्या जागी भारतीय नौदलाचा आंग्रे हा तळ आहे. इंग्रजांना ज्यांनी समुद्रावर जेरीस आणले, त्या कान्होजी आंग्र्यांचे नाव इंग्रजांच्या मूळ कोटाला मिळाले आहे.

पत्र तिसरे
मुक्काम थळ, तालुका अलिबाग

पनवेलहून पेणमार्गे अलिबागकडे आले की थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे समोर दिसतात. मुंबईच्या निशाणांची कथा खांदेरीशिवाय पुरी होत नाही. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे निशाण इथेच उभे राहिले.

१६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी याने खांदेरीवर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा करून जहाजे धाडली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या मराठा आरमाराने नागावच्या बाजूने येऊन त्यांच्यावर हल्ला चढवला. ‘डोव्ह’ ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. कॅप्टन केजविन ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजावरून झुंजला. तरीही थळहून रात्रीच्या अंधारात छोट्या होड्यांनी सामान पोहोचवणे काही थांबले नाही. खोल पाण्यात चालणाऱ्या जहाजांना किनाऱ्यालगत फिरणाऱ्या होड्या अडवता येईनात. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरीवर भगवा राहिला. हे निशाण तहाने आलेले नव्हते. दगड वाहणाऱ्या आणि तोफांच्या माऱ्यात काम करणाऱ्या माणसांनी ते उभे केले होते.

त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे घातले. समोरासमोरच्या दोन बेटांवर दोन सत्तांची निशाणे फडकू लागली. पुढे १६८९ मध्ये औरंगजेबाचा आरमारप्रमुख सिद्दी याकूतखान थेट मुंबईवर उतरला. शिवडी, माझगाव आणि माहीम त्याने घेतले आणि इंग्रज कॅसलमध्ये कोंडले गेले. कंपनीने बादशहाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा १६९० च्या जूनमध्ये सिद्दी परत गेला. बेटावर कंपनीचा अंमल राहिला, पण तो बादशहाच्या मर्जीने.

खांदेरी मात्र टिकली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर मोठी मोहीम काढली, पण कान्होजी आंग्र्यांच्या माणसांपुढे ती फसली. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीच खांदेरी इंग्रजांकडे गेली. १८६७ मध्ये बेटावर दीपगृह उभे राहिले. आता या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाली.

पत्र चौथे
मुक्काम पनवेल

अठराव्या शतकात मुंबई बेट तीन बाजूंनी भगव्याने वेढलेले होते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा अंमल उत्तर कोकणातून संपला. माहीमच्या खाडीपलीकडची साष्टी मराठ्यांची झाली. पूर्वेला पनवेल मराठ्यांचेच होते. माहीम आणि शीव इथल्या इंग्रजी चौक्यांवरून पलीकडच्या तीरावर दुसरे राज्य दिसे.

कंपनीला ही साष्टी हवी होती. पुण्यात पेशव्यांच्या घरात वारशाचा वाद सुरू असताना डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्यानंतर या वादातल्या रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी जी फौज काढली, ती नोव्हेंबर १७७८ मध्ये पनवेललाच उतरली. सुमारे चार हजारांची ही फौज बोरघाट चढली. आघाडीवरचा कॅप्टन स्ट्युअर्ट ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ पडला. त्याच्या शौर्याचे कौतुक शत्रूनेही केले आणि मराठीत तो ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अजून ओळखला जातो. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांनी वाटेतला मुलूख ओसाड करून फौजेला वडगावला कोंडले. तिथल्या करारात साष्टी परत देण्याचे इंग्रजांनी कबूल केले. फौज सुटून मुंबईला पोहोचल्यावर कंपनीने तो करार झिडकारला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची कंपनीकडे राहिली.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर पनवेल आणि मुंबई पुन्हा एकाच सत्तेखाली आली.

पत्र पाचवे
मुक्काम मुंबई, गोवालिया टँक

एकोणिसाव्या शतकात बेटांचे बेटपण गेले. खाड्या बुजल्या, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपून राणीचा सुरू झाला. पट्ट्यांचे निशाण गेले, युनियन जॅक राहिला.

त्याला या शहरातल्या माणसांनीच आव्हान दिले. मुंबईत १८६१ मध्ये जन्मलेल्या भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट इथे समाजवाद्यांच्या परिषदेत भारताचा झेंडा उघड फडकावला. त्यावर हिरवा, पिवळा, तांबडा असे पट्टे होते आणि मधोमध ‘वंदे मातरम्’ लिहिलेले होते. नंतर ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांना अटक झाली, पण सकाळी ठरलेले झेंडावंदन चुकले नाही. अरुणा असफ अली पुढे आल्या आणि पोलिसांसमोर त्यांनी तिरंगा वर चढवला. अश्रुधूर आणि लाठ्या यांना तोंड देत लोक मैदानात उभे राहिले. आज या मैदानाचे नाव ऑगस्ट क्रांती मैदान आहे.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी तलवार या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी संप केला. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची वागणूक ही निमित्ते होती. बंदरातल्या जहाजांवरून ब्रिटिश निशाणे उतरली. काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा चंद्रकोरीचा हिरवा झेंडा आणि कम्युनिस्टांचा लाल झेंडा ही तिन्ही निशाणे एकत्र चढली. गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या सल्ल्याने संप थांबला. ज्या नौदलाच्या बळावर साम्राज्य चाले, त्याचेच खलाशी निशाण उतरवू शकतात, हे सरकारला कळून चुकले.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने अशोकचक्राचा तिरंगा स्वीकारला आणि १५ ऑगस्टला तो या बेटावरच्या सरकारी इमारतींवर चढला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पलटण आपली निशाणे घेऊन गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून बोटीत बसली. भारतात उरलेले ते शेवटचे ब्रिटिश सैन्य होते.

एक चिन्ह मात्र मागे राहिले होते. १९५० नंतर भारतीय नौदलाच्या निशाणाच्या कोपऱ्यात तिरंगा आला, पण पांढऱ्यावरचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस तसाच होता. २००१ ते २००४ हा काळ सोडला तर मुंबईच्या गोदीतल्या युद्धनौकांवर तो फडकत असे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची इथे तो काढून नवे निशाण स्वीकारले गेले. त्यावर तिरंगा आहे आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला निळा अष्टकोन आहे. १६६५ मध्ये आंदणाबरोबर मुंबईच्या बंदरात आलेले चिन्ह ३५७ वर्षांनी आपल्या नौदलाच्या निशाणावरून उतरले.