शिडाचा दोर

एनसीसीच्या नौदल विभागात नौकांच्या प्रतिकृती करतात. मी रेडिओवर चालणारी, एक मीटर लांबीची शिडाची नौका बांधली. तिची मोटर शिडाचा दोर ओढते आणि सोडते, एवढेच. नौका चालते वाऱ्यावर.

दोर ओढण्यास दांडीची मोटर स्वस्त. परंतु मला ३५ सेंटिमीटर दोर हवा होता, आणि तेवढी लांब दांडी फिरायला नौकेच्या पोटात जागा नव्हती. ४ सेंटिमीटर व्यासाच्या रिळाचा घेर साडेबारा. तीन फेऱ्यांत काम भागते. म्हणून रिळाची विंच घेतली. रीळ याहून मोठे केले तर वेग वाढतो, पण ओढ घटते.

वारा पडला की दोर सैल होऊन रिळावरून निसटतो. म्हणून दोराचे पूर्ण कडे केले. एकीकडे गुंडाळेल तितका दुसरीकडे सुटतो, आणि टोकाच्या कप्पीला लावलेले रबर ते ताठ ठेवते. शिडाचा दोर या कड्याला बांधला.

आजोबा सांगत, शिडाचा दोर खुंटीला बांधून बसू नये; हातात धरावा, म्हणजे वारा कळतो. माझ्या दोराची ओढ विंचपाशीच थांबते, काठावर माझ्या हाती फक्त खटका असतो. तरी शिडाची पुढची कड फडफडली की दोर थोडा ओढायचा, एवढे आता नुसते पाहून कळू लागले आहे.